निलंग्याची तलवार, चाकूरचा मंत्र

लातूरला फार्मसीच्या डिप्लोमाला असताना आम्ही चौघी दर रविवारी दुपारी एक खेळ खेळायचो. त्या खेळाबद्दल सांगायला लागलं की लोकांना आधी तो पत्त्यांचा डाव वाटतो, मग सापशिडीचा, आणि शेवटी ते म्हणतात, म्हणजे नाटकच की. नाटकाच्याच सगळ्यांत जवळ जातं ते. एकजण सूत्रधार होते आणि गोष्ट सांगते: तुम्ही जंगलात आहात, समोर पडका किल्ला आहे, दारात कुणीतरी उभं आहे. बाकी प्रत्येकीचं त्या गोष्टीत एक पात्र असतं. आपलं पात्र आता काय करणार ते जिचं तिनं सांगायचं, आणि ते साधलं की फसलं ते फासा टाकून ठरवायचं. पात्राची ताकद, चपळाई, अक्कल, सगळं कागदावर आकड्यांत लिहिलेलं असतं. गोष्ट पुढं सरकते तशी पात्रं पायरीपायरीनं मोठी होत जातात. कोण जिंकलं, कोण हरलं, असं त्यात काही नसतं. निदान नसावं.

खेळ माझ्या भावानं आणला होता. तो हैदराबादला नोकरीला होता आणि सुट्टीला नांदेडला घरी आला की पिशवीतून काहीतरी नवीन काढायचा. त्या वेळी त्यानं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं आणि मूठभर फासे. साधे नव्हते ते. कुणाला आठ बाजू, कुणाला बारा, आणि एकाला तर वीस. मला तो वीस बाजूंचा फासा इतका आवडला की भावाला म्हटलं, हे सगळं मी लातूरला नेते. पुस्तक मीच वाचलेलं, म्हणून सूत्रधार मीच झाले. नियम मी मराठीत समजावून सांगायचे, आणि जिथं मला समजलेले नसायचे तिथं ठोकून द्यायचे.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, वर पत्रा. खोलीत तिघी राहायचो: मी, एक निलंग्याची आणि एक चाकूरची. चौथी उदगीरची. ती तिच्या खालाकडं, म्हणजे मावशीकडं, दोन गल्ल्या सोडून राहायची आणि रविवारी जेवण करून आमच्याकडं यायची. 

निलंग्याची उंच, दणकट, आवाज मोठा. घरी ऊस होता, दोन भाऊ होते, आणि घरात कुठलीही गोष्ट ठरवायची असली की ती भावांत ठरायची. तिनं खेळात तलवारवाली घेतली. पुस्तकात पात्रांची चित्रं होती, त्यातलं पहिलंच तिनं बोट ठेवून मागितलं. “ही मी,” म्हणाली. “दुसरं दाखवू नको.”

चाकूरची शांत. तिची आई तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स होती आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायची. आजोबांच्या वेळेपासून घर बौद्ध. देव्हारा नाही, भिंतीवर एक तसबीर आणि खाली पुस्तकांचं कपाट, असं ती घराचं वर्णन करायची. ती वर्गात कधी हात वर करायची नाही, पण सरांनी विचारलंच तर उत्तर बरोबर असायचं. तिनं सगळी चित्रं बघितली, प्रत्येकाबद्दल मला विचारलं, आणि मंत्रवाली निवडली.

“ती सुरुवातीला लई कच्ची असते,” मी तिला सांगितलं. “दिवसाला एक-दोन मंत्र, आणि एका फटक्यात आडवी.”

“चालतंय,” ती म्हणाली.

उदगीरचीनं चोर घेतला. तिच्या अब्बांचं उदगीरला पुस्तकबांधणीचं दुकान होतं, आणि घरात सगळे सरळमार्गी, म्हणून आपण एकदा तरी चोरी करून बघणार, असं तिचं म्हणणं. तिचा चोर लढाईत कधीच उपयोगाला आला नाही. लढाई सुरू झाली की तो कुणाच्या तरी खिशात हात घालत असायचा. तरी ती कायम खूश. फासा पडला नाही तर जास्त खूश.

पहिले काही महिने आमची गोष्ट निलंग्याचीच होती. दार फोडायचं असलं की तलवारवाली पुढं. लांडगे आले की तलवारवाली पुढं. मंत्रवाली एक मंत्र टाकायची, तो बऱ्याचदा चुकायचा, आणि मग खांबामागं लपून राहायची. निलंग्याची तिला ओरडून सांगायची, “तू मागं थांब, मी हाय.” आणि खरंच ती असायची. खेळ संपल्यावरही तिचा तो आवाज थोडा वेळ तसाच राहायचा. खालच्या मेसवाल्याला ती त्याच आवाजात म्हणायची, भाजी पातळ हाय. एकदा मला म्हणाली, “घरी मला कुणी इचारत न्हाई गं. इथं गोष्टीत दार आडवं आलं की तुम्ही सगळ्या माझ्याकडं बगता.”

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही धड झाला नव्हता. दिवाळीपासूनच नळाची पाळी लांबत गेली, आणि संक्रांतीनंतर नळ हा शब्दच बोलण्यातून गेला. टँकर यायचा. घागरी, बादल्या, डबे यांची ओळ गल्लीच्या टोकापर्यंत लागायची. आंघोळीला तांब्या मोजून मिळायचा. केस कापून टाकावेत असं आम्हा सगळ्यांच्या मनात येऊन गेलं, उदगीरचीनं कापलेही. घरमालक काका जिन्यात खुर्ची टाकून बसायचे आणि वर जाणाऱ्या प्रत्येकीला सांगायचे, “पोरीहो, कपडे गावाकडून धुऊन आणा.”

काकांना दुष्काळाइतकाच दुसरा विषय प्रिय होता, तो म्हणजे नवा जिल्हा. उदगीर वेगळा जिल्हा होणार, लातूरचे तुकडे पडणार, कुठला तालुका कुठं जाणार, याच्या बातम्या तेव्हा रोज उठायच्या आणि रोज बसायच्या. “जळकोट तर तिकडं जाणारच,” काका म्हणायचे. “चाकूरचं सांगता येत न्हाई.” उदगीरची त्यांना मुद्दाम म्हणायची, “काका, जिल्हा होऊ द्या, मग पाणी आम्ही देत न्हाई तुम्हाला.” काका म्हणायचे, “हाय कुठं बाई तुमच्याकडं तरी.”

आमच्या खोलीला खरं पाणी दिलं ते चाकूरचीनं. आईच्या आरोग्य केंद्राच्या बोअरला अजून थोडं पाणी होतं. ती शनिवारी एसटीनं घरी जायची आणि रविवारी सकाळी दोन कॅन घेऊन परत यायची. कंडक्टर कुरकुर करायचा, मग ओळखीचा झाला आणि स्वतःच कॅन सीटखाली सरकवू लागला. ते पाणी आम्ही प्यायला आणि स्वयंपाकाला ठेवायचो. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. कॅन कोपऱ्यात ठेवायची, ओढणीच्या टोकानं घाम पुसायची, आणि विचारायची, “मागल्या रविवारी कुठवर आलतो आपण? गुहेपर्यंत ना?”

खेळातही दिवस बदलत होते, आणि ते माझ्या लक्षात यायला उशीर लागला. पात्रं पायऱ्या चढत होती. प्रत्येक पायरीला तलवारवालीचा घाव थोडा जोरात बसायला लागला, एवढंच. मंत्रवालीला मात्र प्रत्येक पायरीला नवं दालन उघडत गेलं. आधी ठिणगी टाकणारी आता आगीचा गोळा टाकू लागली, आणि त्यात एका दमात अख्खी टोळी जायची. मग तिला उडता यायला लागलं. मग बंद दारातून पलीकडं जाता यायला लागलं. म्हणजे दार फोडायचं कामच राहिलं नाही. चाकूरची तिचे मंत्र पाठ करून यायची. पुस्तक मागून न्यायची आणि अभ्यासासारखं वाचायची. मी गोष्टीत एखादी अडचण मांडली की ती थोडा विचार करायची आणि हळूच म्हणायची, “मला वाटतं हे जमंल.” आणि जमायचं. निलंग्याची तलवार उपसून बसलेली असायची, तिची पाळी येईपर्यंत समोर कुणी उरायचं नाही.

पहिल्यांदा तिला गंमत वाटली. मग ती पाळी आली की म्हणायला लागली, “मी काय, थांबते.” मग मोबाइल बघायला लागली.

मला वाटलं, ताकदीचा हिशेब आहे, बसवता येईल. मी तलवारवालीला एका थडग्यातून जादूची तलवार मिळवून दिली. दोन रविवार ती फुलली. तिसऱ्या रविवारी मंत्रवालीनं नदी गोठवली आणि शत्रूचं सैन्य बर्फाखाली गेलं. मग मी राक्षस मोठे केले. मोठा राक्षस मंत्रवालीला गाठू शकत नव्हता, ती हवेत होती. त्याचा फटका बसला जमिनीवर उभ्या तलवारवालीला, आणि ती लढाईच्या सुरुवातीलाच बेशुद्ध. ज्या मुलीसाठी मी राक्षस आणला, ती त्या दिवशी दुपारभर नुसती पडून राहिली. मग मी असा शत्रू आणला ज्याच्यावर मंत्र चालतच नाही. माझी मीच स्वतःला शाबासकी दिली. चाकूरचीनं विचारलं, “तो उभा कशावर हाय?” मी म्हटलं, पुलावर. ती म्हणाली, “मग पुलावर मंत्र चालंल की.”

मंत्र दिवसाला ठरावीक असतात, झोप झाली की पुन्हा येतात. म्हणून मी एका दिवसात लढाईवर लढाई घातली, की मंत्र संपतील आणि तलवारीला काम मिळेल. तर त्यांनी दुसऱ्या लढाईनंतर गुहेचं तोंड बंद केलं आणि झोपल्या. झोपायचं सुचवलं उदगीरचीनं. तिला वाटलं, ती मदत करतेय.

मी भावाला फोन केला. तो हसला. म्हणाला, “ताकद सारखी करायला जाऊ नको, ती होत नसते. प्रत्येकीला तिचं काम मिळालं पाहिजे. तुझा तो चोर बघ, सगळ्यांत दुबळा, तरी कुरकुर हाय का?” मला ते पटलं. पण निलंग्याचीला जे काम हवं होतं ते एकच होतं: सगळ्यांच्या पुढं उभं राहायचं. आणि तिथं आता दुसरी कुणी उभी होती. ती जागा एकच होती.

हे चाकूरचीलाही दिसत होतं. तिनं तिच्या परीनं उपाय काढला. एका रविवारी लढाई ऐन भरात आली आणि ती म्हणाली, “माझे मंत्र संपले. आता तूच बघ.” निलंग्याची मोबाइल ठेवून सरसावून बसली. फासा तिला साथ देत होता, घाव मागून घाव बसत होते, आणि कित्येक दिवसांनी तिचा तो मोठा आवाज खोलीत घुमला. उदगीरची शेजारी बसलेली. तिनं सहज चाकूरचीच्या कागदात डोकावलं आणि म्हणाली, “अगं, हायत की बाकी. तीन हायत.”

निलंग्याचीनं हातातला फासा खाली ठेवला.

“हायत?” तिनं विचारलं.

चाकूरचीनं कागद उलटा करून ठेवला.

“मला जिंकवू नको तू,” निलंग्याची म्हणाली. “लहान लेकराला जिंकवतात तसं.” राग नव्हता तिच्या आवाजात. ती उठली, बाटली घेऊन जिन्यात जाऊन बसली. आम्ही तो डाव तिथंच थांबवला.

पुढच्या आठवड्यात मी नवा नियम केला. पुस्तकातला नव्हे, माझा. मंत्रवालीचे मंत्र निम्मे. रविवारी सगळ्या बसल्यावर मी तो सांगितला आणि कारणही सांगितलं: तोल बिघडलाय, सगळ्यांना मजा यायला पाहिजे. चाकूरचीनं “बरं” म्हटलं आणि खोडरबर घेऊन एकेक ओळ पुसायला लागली. मला आठवतं, ती पुसल्यावर कागद फुंकत होती. टँकर येऊन गेला होता, खाली बादल्यांचा आवाज चालू होता.

निलंग्याची गप्प राहिली असती तर कदाचित तिथंच मिटलं असतं. पण तिला काहीतरी बोलावंसं वाटलं, बहुतेक त्या आधीच्या रविवारचं ओझं उतरवायला. ती म्हणाली, “बरंच झालं. मी घाव खाऊन खाऊन वर आले, हिला सगळं आयतंच मिळालं.”

ती पात्राबद्दलच बोलत होती. खेळाबाहेरचं तिच्या मनात काही नव्हतं असं मी आजही मानते. पण तो शब्द आमच्या कॉलेजात त्या वर्षी सगळीकडं होता. कुणाला कुठल्या जागेवर प्रवेश मिळाला, कुणाची फी माफ झाली, कुणाला काय आयतं मिळालं, हे कँटीनमध्ये, बसमध्ये, नोटीस बोर्डासमोर बोललं जायचं, आणि चाकूरची ते रोज ऐकून न ऐकल्यासारखी पुढं जायची. आता तो शब्द आमच्या खोलीत, सतरंजीवर, तिच्या समोर पडला होता.

तिनं खोडरबर खाली ठेवलं.

“पहिले किती महिने मी खांबामागं होते,” ती म्हणाली. “तवा तुम्ही कुणी म्हणला न्हाईत, तलवार जरा बोथट कर म्हणून. तवा तोल बिघडला नव्हता का?” हे ती माझ्याकडं बघून विचारत होती. “माझी पाळी आली तवाच तोल आठवला तुम्हाला.”

“मी तसं न्हाई म्हणले,” निलंग्याची म्हणाली.

“काय म्हणलीस ते ऐकलं मी.”

उदगीरची हलक्या आवाजात म्हणाली, “खेळ हाय यार. जाऊ द्या ना.” कुणी तिच्याकडं बघितलं नाही. माझ्या हातात पुस्तक होतं. त्यात राक्षस किती प्रकारचे, कुठल्या शस्त्राचा घाव किती, पडल्यावर किती इजा, सगळं होतं. मी ते उघडून धरलं होतं आणि एक अक्षर वाचत नव्हते. चाकूरचीचं बरोबर होतं. निलंग्याचीनं जे गमावलं होतं तेही मी डोळ्यांनी बघितलं होतं. एकीला म्हणावं तू बरोबर, तर दुसरी उठून जाणार. मी म्हटलं, “नियम मागं घेते मी.” चाकूरची म्हणाली, “राहू दे आता. पुसून झालंय.”

त्यानंतर आम्ही खेळलो नाही. पण खोली तीच होती, आणि तिघींना तीतच राहायचं होतं.

चाकूरची पुढच्या रविवारी नेहमीसारखी कॅन घेऊन आली, नेहमीच्या कोपऱ्यात ठेवले. निलंग्याचीनं त्यातलं पाणी घेतलं नाही. ती खाली जाऊन टँकरच्या ओळीत उभी राहिली, बादली भरून वर आणली, आणि प्यायला मेसवरून बाटली भरून घेतली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, “कामून असं करून राहिलीस?”

“भांडून तिचं पाणी कसं घेऊ?” ती म्हणाली. “मला लाज वाटते. ती एवढं ओझं आणते, मी तिला तसं बोलले. कोणत्या तोंडानं प्यावं?”

मला ते समजलं. आपल्याकडं भांडण झालं की माणूस आधी समोरच्याच्या घरचं पाणी सोडतो. मानी माणसाची ती रीत असते. पण ते पाणी कुणी आणलं होतं आणि कोण घेत नव्हतं, हे चाकूरचीच्या बाजूनं बघितलं तर ते वेगळंच दिसत होतं. तिला तर ते पहिल्या दिवशीच दिसलं होतं. एका दुपारी ती खोलीपुढच्या गच्चीवर कपडे काढायला गेली तेव्हा मी मागं गेले.

“तसं न्हाई ते,” मी म्हटलं. “तिला लाज वाटते म्हणून.”

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. “माझी आई ज्या गावी पहिल्यांदा नोकरीला लागली,” ती म्हणाली, “तिथं ती घरोघरी जायची, बाळंतिणी तपासायला. घरात बोलवायचे, बसवायचे, चहाला मात्र न्हाई म्हणायचे. सगळे म्हणायचे, बाई, तसं न्हाई ते, आमच्यात आज उपास हाय. आई म्हणते, त्या गावात लई उपास असायचे.”

“पण हिचं खरंच तसं न्हाई.”

“नसंल. मला कसं कळणार? मला प्यालेलं दिसतं आणि न प्यालेलं दिसतं. मनातलं मला दिसत न्हाई.”

नांदेडला आमच्या घरी हा विषय कधी निघाला नव्हता, आणि तो कधी निघावा लागला नाही यातच सगळं आलं. मी दोरीवरचे चिमटे काढून तिच्या हातात देत राहिले.

निलंग्याचीला मी सांगू की नको यातच आठवडा गेला. सांगावं तर तिला वाटणार, माझ्यावर हा आरोप. न सांगावं तर कोपऱ्यातले कॅन रोज डोळ्यांसमोर. मी स्वतः त्या कॅनमधलं पाणी जास्तच दाखवून प्यायला लागले, आणि ते चाकूरचीच्या लक्षात आल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोवर शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ पोलीस उभे राहायला लागले होते, आणि रेल्वेनं पाणी आणायचं ठरलं होतं. कॉलेजनं तास आटोपते घेतले. मुलांनी गावी जावं, परीक्षेपुरतं यावं, अशी सूचना लागली. घरमालक काकांनी हात जोडून आम्हाला तेच सांगितलं. शिकवणीची मुलं आधीच निघाली होती. रस्त्यावर जिकडं बघावं तिकडं गाद्यांच्या गुंडाळ्या आणि ट्रंका रिक्षात चढताना दिसायच्या.

निलंग्याची आधी निघाली. चाकूरची त्या सकाळी कॉलेजात गेली होती, मुद्दाम की कामानं ते मला माहीत नाही. मी निलंग्याचीची बॅग धरून बसस्टँडवर गेले. बस लागायला वेळ होता. आम्ही कठड्यावर बसलो, आणि तिथं तिनं स्वतःच विचारलं.

“मी पाणी घेतलं न्हाई त्याचं तिला काय वाटलं गं?”

मग मी सांगितलं. चाकूरचीच्या आईची गोष्ट सांगितली नाही, ती माझी नव्हती सांगायला. फक्त सांगितलं की तिनं ते तसं घेतलं.

निलंग्याचीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. “तसलं माझ्या मनात पण आलं न्हाई,” ती म्हणाली. “तू तरी सांगायचं तिला.”

“सांगितलं.”

“मग?”

“ती म्हणाली, मनातलं दिसत न्हाई.”

“मी आत्ता जाऊन तिच्या हातचं तांब्याभर पाणी प्याले,” ती म्हणाली, “तर तिला वाटंल, हिनं सांगितल्यावर प्याली. न प्याले तर हाय तेच. म्हणजे आता मी काहीबी केलं तरी तेच दिसणार.”

“तू बोल तिच्याशी.”

“काय बोलू? तसं न्हाई ते, असं?”

निलंग्याला जाणारी गाडी लागली. ती खिडकीत बसली. तिच्या शेजारच्या बाईच्या मांडीवर रिकामा कॅन होता, गावाकडून भरून आणायला घेतलेला. गाडी निघताना निलंग्याचीनं हात केला नाही, नुसती बघत राहिली.

परीक्षेला सगळ्या आलो. नंबर वेगवेगळ्या वर्गात आले होते. शेवटच्या पेपरनंतर उदगीरचीनं सगळ्यांना आइस्क्रीम खायला न्यायचं ठरवलं होतं. निलंग्याचीचा भाऊ गाडी घेऊन फाटकाशी उभा होता, म्हणून ती गेली. पुढं पाऊस आला, चांगला आला, धरणात पाणी आलं. तोवर आमची खोली दुसऱ्या मुलींनी घेतली होती.

खेळाचं पुस्तक मी भावाला परत केलं. त्यानं विचारलं, गोष्ट संपवलीस का? मी म्हटलं, न्हाई. तो म्हणाला, बहुतेकांची संपत नाहीच. त्याला वाटलं ते मी त्याला वाटू दिलं. पण कधी कधी, नांदेडला औषधांच्या गोदामात तपासणीचं काम करताना हात आपोआप चालत असले की माझं डोकं तिकडं जातं. मंत्र निम्मे न करता आणखी काय करता आलं असतं? सुरुवातीलाच, ती खांबामागं असताना काही करायला हवं होतं का? मग तलवारवालीला काय राहिलं असतं? मी वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडून बघते. प्रत्येक मांडणीत कुणीतरी एक जण नुसतीच बसून राहते.

काही वर्षांनी उदगीरचीचं लग्न झालं, उदगीरलाच. आम्ही तिघीही गेलो. चाकूरची तोवर सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या नोकरीला लागली होती. निलंग्याचीनं लग्नानंतर नवऱ्याबरोबर औरादकडं मेडिकल टाकलं होतं. काउंटरवर ती स्वतः बसते आणि गिऱ्हाइकं तिला घाबरतात, असं तिनंच मला फोनवर सांगितलेलं. दोघी मला फोन करतात. एकमेकींना नाही.

बायकांच्या पंगतीत आम्ही शेजारी शेजारी बसलो, मी मधे. उदगीरची नटून समोर बसली होती आणि इतक्या गर्दीतूनही आमच्याकडं बघत होती. तिला वाटत होतं, आता होईल. मलाही वाटत होतं.

निलंग्याचीनं ताटाकडं बघत विचारलं, “बदली झाली म्हणं तुझी.”

“हाव. देगलूरला.”

“लांब पडतं.”

“पडतं. पण क्वार्टर हाय.”

“आई बऱ्या हायत?”

“बरी हाय. रिटायर झाली.”

वाढपी भात घेऊन आला. तो गेल्यावर पाणी वाढणारी मुलगी जग घेऊन ओळीनं येत होती. तिनं तिघींचेही ग्लास भरले, आणि तिघीही प्यालो. सगळ्याच जणी पीत होत्या, त्यामुळं त्याला काही अर्थ नव्हता. निलंग्याचीनं ग्लास खाली ठेवला. तिला काहीतरी बोलायचं होतं. मी तिला ओळखते, बोलायच्या आधी ती खांदे सरळ करते. चाकूरचीनंही हात थांबवला होता. मी मधून सरकून मागं टेकले, दोघींना एकमेकींचा चेहरा दिसावा म्हणून. तेवढंच मला करता येण्यासारखं होतं.

मग निलंग्याचीच्या मोबाइलवर नवऱ्याचा फोन आला, बाहेर गाडी काढलीय म्हणून. ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि चाकूरचीला म्हणाली, “येते गं.”

“ये,” चाकूरची म्हणाली.